बाबा पास झाले

माझ्या आईने आजवर एकही मूल नापास होऊ दिलेलं नाही. हे ती स्वतः सांगते आणि सिल्व्हर पार्कमधले निम्मे पालकही सांगतात. आमच्या हॉलमध्ये तिच्या शिकवण्या चालतात, आठवी ते दहावी, सगळे विषय. भिंतीवर पांढरा फळा, खाली सतरंज्या. सोफा आमच्याकडे कधी आलाच नाही, कारण सोफ्यावर बसलं की पोरं पेंगतात असं तिचं ठाम मत. मृणालिनी टीचर म्हणजे गेल्या दहा वर्षांचे पेपर तोंडपाठ असलेली बाई. कुठला प्रश्न नक्की येणार, कुठला ऑप्शनला टाकायचा, हे ती पोळ्या लाटता लाटता सांगते. विषय कळला की नाही, हा तिच्या लेखी वेगळा मुद्दा. तो पुढे आयुष्यात कळेल, आधी पास व्हा, असं ती म्हणते.

मला तिचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या रागातूनच आलेलं आहे आणि ते सौम्य करून सांगायची माझी तयारी नाही.

बाबांना मेंदूचा झटका आला तेव्हा ते कामावर होते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना आहे, तिथे डिस्पॅच त्यांच्याकडे. कुठल्या पार्टीचे डबे, कुठल्या पार्टीची पातेली, कुठल्या टेम्पोत काय आधी चढवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा उजवा पाय ओढत होते. बोलणं मात्र शाबूत होतं आणि त्यामुळेच लोक फसायचे. कोणी भेटायला आलं की बाबा हसून म्हणायचे, बसा, चहा घ्या. चहा पिऊन कप खाली ठेवला की पुन्हा म्हणायचे, बसा, चहा घ्या. मला क्षितिजा म्हणून बरोबर हाक मारायचे, पण मी नोकरी करते हे त्यांना माहीतच नव्हतं. कॉलेजला उशीर होतोय, निघ, असं सांगायचे. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

बेव्हर्ली पार्कात एका ट्रस्टचं केंद्र आहे, अशाच पेशंटसाठी. जागा थोड्या आणि बाहेरच्या बाकावर वाट पाहणारे पुष्कळ. महिन्यातून एकदा मोठे डॉक्टर येतात आणि एक चाचणी घेतात. पाच शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे. आजची तारीख सांगायची. शंभरातून सात सात वजा करत जायचं. घड्याळ काढायचं. पेटी आणि बासरी यांच्यात सारखं काय ते सांगायचं. तीसपैकी मार्क. मार्क एका रेषेच्या खाली असले की केंद्रात जागा मिळते, वर गेले की जागा सोडायची आणि पुढच्याला द्यायची. कामावर परत जायचं असेल तर फिटनेसचा कागदही त्याच चाचणीवर मिळतो. नियम म्हणून यात काही वाईट नाही, हे मला आजही मान्य करावं लागतं.

पहिल्या चाचणीत बाबांना तीसपैकी अकरा मिळाले. आई शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिचाच एखादा विद्यार्थी प्रीलिमला गटांगळी खाऊन आलाय.

केंद्रातली फिजिओथेरपिस्ट मिनल, साधारण माझ्याच वयाची. आईने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, पायाला व्यायाम ठीक आहे, पण डोक्याचं काय? मिनलने शांतपणे समजावलं. दम लागेल इतपत व्यायाम नेटाने केला, तर झटक्यानंतर नुसते हातपायच नाही, लक्ष लागणं, आठवणं, ठरवणं हेही बऱ्याच जणांचं सुधारताना दिसतं. सगळ्यांचं सारखं नाही, हमखास तर नाहीच आणि पटकन मुळीच नाही. पण हे पहिले महिने फार मोलाचे आहेत, ते वाया घालवू नका. आईने सगळं ऐकून मान डोलावली. घरी जाताना रिक्षात मला म्हणाली की मुलगी हुशार आहे, पण पोर्शनबाहेरचं फार बोलते.

माझी शिफ्ट दुपारची, त्यामुळे सकाळी बाबांना मीच न्यायचे. तिथे ते एका जागच्या सायकलवर बसायचे, पाय पट्ट्याने पेडलला बांधलेला. शेजारच्या सायकलवर मुर्धा गावचे रामनाथकाका. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. झटक्याने त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालेलं, पण ते गप्प बसत नसत. बाबांचा वेग कमी झाला की ओरडायचे, “काशीनाथ, दमलास व्हय? अजून खाडी लांब हाय.” बाबा हसायचे आणि जोर लावायचे. घरी मी दहा वेळा विनवलं तरी खुर्चीतून न उठणारा माणूस तिथे घामाघूम होईपर्यंत पाय मारायचा. मिनल मधेमधे ब्लडप्रेशर बघायची, उतरवून चालवायची, परत बसवायची.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. रिक्षावाला नेहमीच्या रस्त्याला वळायला लागला तर बाबा पुढे वाकून म्हणाले, “भैया, इधर से मत लो. इधर कल से खोदा है.”

रस्ता खरंच आदल्या दिवशी खोदला होता. येताना आम्ही तिथे अडकलो होतो. कोणी त्यांना आठवण करून दिली नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं. कालची गोष्ट त्यांच्या डोक्यात रात्रभर राहिली होती आणि सकाळी नेमक्या वेळी वर आली होती. मिनलला सांगितलं तर तिने माझा हात दाबला आणि म्हणाली की हेच हवं होतं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की ऑफिसात सगळ्यांना स्वतःहून चहा आणून दिला.

संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. तिने विचारलं, रस्ता कुठे खोदलाय हे चाचणीत विचारतात का?

दिवाळीच्या आधी कारखान्याचे मालक धर्मेशभाई घरी आले. माणूस सज्जन. त्यांनी डिस्पॅचला तात्पुरता माणूस लावून बाबांची जागा राखून ठेवली होती. पण आता सीझन तोंडावर आलाय, दिवाळीनंतर काशीनाथभाई फिटनेसचा कागद घेऊन आले तर ठीक, नाहीतर मला पक्का माणूस घ्यावा लागेल, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. ते गेल्यावर आई फळ्यासमोर उभी राहिली. मग तिने फळा पुसला आणि वर त्या दिवसाची तारीख लिहिली.

खोटं कशाला बोलू, त्या बाईने कष्ट उपसले. पेपर दर महिन्याला तोच असतो, हे तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. मराठीतला एकच कागद, त्याचीच झेरॉक्स. ते पाच शब्द तिला पहिल्या दिवसापासून पाठ होते. कंदील, शेवगा, नदी, कात्री, पिवळा. तिने त्यांना चाल लावली. उठल्यावर, आंघोळीआधी, जेवताना, झोपताना, बाबांनी ते पाच शब्द म्हणायचे. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, पाढ्यासारखं. पेटी आणि बासरी, वाद्य. घड्याळ तर इतक्या वेळा काढून घेतलं की फळ्याच्या कोपऱ्यात त्याचा डाग पडला. शिकवणीची पोरं सतरंजीवर बसून बाबांचं पाठांतर ऐकायची आणि बाबा अडखळले की हळूच शब्द पुरवायची.

हे सगळं व्यायामाच्या जोडीला चाललं असतं तर मी काही बोलले नसते. पण चाचणी जवळ आली तशी आईने सायकल बंद केली. आमच्या घरात हा कायदाच आहे. परीक्षा जवळ आली की खेळ बंद. माझी खो-खोची टीम तिने अशीच सोडवली होती. दहावीच्या पोरांच्या आयांना ती हेच सांगते आणि त्या बिचाऱ्या कॅरमबोर्ड माळ्यावर टाकतात. सकाळचा वेळ डोकं ताजं असण्याचा, तो पाय मारण्यात का घालवायचा, असा तिचा सवाल. शिवाय तिथून येतात ते दमून झोपतात, मग रिव्हिजन कधी करणार?

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, “आई, ती परीक्षा नाहीये. ते त्यांचं डोकं मोजतायत.”

“मार्क देतात ना? मग परीक्षाच आहे.”

“आणि डोकं तसंच राहिलं तर?”

“आधी पास होऊ देत,” ती म्हणाली. “नोकरी हातची गेली तर हा माणूस बसल्या जागी संपेल. तू त्यांना सायकलवर बघतेस महिना-दीड महिना. मी तीस वर्षं बघतेय.”

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच माझी जास्त चिडचिड झाली. बाबा आमच्यामध्ये खुर्चीत बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. भांडण थांबावं म्हणून त्यांनी आपणहून पाच शब्द म्हणून दाखवले.

चाचणीच्या आठवड्यात माझी शिफ्ट सकाळची लागली आणि आई त्यांना एकटीच घेऊन गेली. संध्याकाळी घरी आले तर दारातच पेढा हातावर ठेवला गेला. तीसपैकी एकोणतीस. डॉक्टर खूश, एवढी सुधारणा कमीच बघायला मिळते म्हणाले. एक मार्क कुठे कापला, हे आईने त्यांना दोनदा विचारलं होतं. फिटनेसचा कागद मिळाला. केंद्रातली जागा त्याच दिवशी सुटली आणि बाहेरच्या बाकावरच्या कुणा बाईंना मिळाली. बाबा नवा शर्ट घालून बसले होते, शेजारी येऊन अभिनंदन करत होते आणि ते प्रत्येकाला म्हणत होते, बसा, चहा घ्या.

मी दुसऱ्या दिवशी मिनलला गाठून सगळं सांगितलं. अजून निदान तीन महिने तरी हवे होते, एवढंच ती म्हणाली. फाइल बंद झाली होती आणि ती उघडणं तिच्या हातात नव्हतं.

धर्मेशभाईंनी गेटवर नारळ फोडून बाबांना आत घेतलं. पहिले काही दिवस बरे गेले, म्हणजे बाबांच्या हाताखालच्या माणसांनी ते बरे घालवले. चुका ते परस्पर निस्तरत होते. राजकोटचे डबे नाशिकच्या टेम्पोत गेले, परत आणले. एकाच पार्टीला एकच माल दोनदा निघाला, तोही परत आणला. कुणी काही विचारलं की बाबा हसून हो म्हणायचे आणि तिथून पुढे सगळं बिघडायचं. मग एक दिवस टेम्पो मागे घेताना त्यांनी हात दाखवला, येऊ दे, येऊ दे, आणि मागे एक लोडर वाकून पेटी उचलत होता. दुसऱ्याने त्याला कॉलरला धरून ओढला म्हणून तो वाचला.

त्याच संध्याकाळी धर्मेशभाई बाबांना स्वतःच्या गाडीतून घरी घेऊन आले. वर आले, पाणीही घेतलं नाही. “भाभी, काशीनाथभाई घर का आदमी है,” ते म्हणाले. “पण आज एक पोरगा मेला असता. मी उद्यापासून त्यांना कसं बोलवू, तुम्हीच सांगा.” आईने बाबांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

त्यानंतर बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. मी त्यांना खाली फिरायला न्यायचे तर बिल्डिंगच्या गेटपर्यंत येऊन परत वळायचे. गेटवर वॉचमन होता, शेजारी होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं की काशीनाथ पुन्हा घरी बसले. मी खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवली, तिच्यावर ते टॉवेल वाळत घालायचे. हळूहळू पाय पुन्हा ओढू लागले. दुपारी विचारलं तर सकाळचं आठवेना. कॉलेजला उशीर होतोय, निघ, हे परत सुरू झालं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा तसं म्हणाले त्या दिवशी मी आईच्या अंगावर ताट फेकणार होते. फेकलं नाही, कारण ती आधीच रडत होती.

मिनलने एक वाट सांगितली. पुन्हा चाचणीला आणा, मार्क रेषेच्या खाली आले तर पुन्हा जागा मिळेल, एक जागा लवकरच सुटतेय. मला वाटलं, प्रश्नच नाही, आता मार्क खालीच येणार. मी हे आईला सांगितलं. ती आत जाऊन बाबांच्या समोर बसली आणि विचारलं, “अहो, ते पाच शब्द?”

“कंदील, शेवगा, नदी, कात्री, पिवळा,” बाबा म्हणाले. त्र्याण्णव, शहाऐंशीही न विचारता म्हणून दाखवलं. सगळं गेलं होतं आणि तेवढं मात्र जागच्या जागी होतं.

तेव्हा माझ्या आईने जे कधीच केलं नव्हतं ते करायला घेतलं. तिने एका माणसाला नापास व्हायला शिकवायचं ठरवलं. शिकवणी सुटली की ती बाबांना फळ्यासमोर बसवायची आणि समजावायची की डॉक्टरांनी शब्द विचारले की दोनच सांगायचे, बाकीचे आठवत नाहीत म्हणायचं. वजाबाकीत मधेच थांबायचं. मी दारात उभी राहून बघायचे. मला तिची कीव येत होती आणि कीव येतेय याचाही राग येत होता.

“पण आठवतात,” बाबा म्हणायचे.

“आठवले तरी सांगायचे नाहीत.”

“का?”

“म्हणजे तुम्हाला परत सायकलवर जाता येईल. रामनाथकाका आहेत तिथे.”

बाबा विचार करायचे. त्यांच्या कपाळावर घाम यायचा. ते घाबरायचे, हे मला स्पष्ट दिसायचं. ही आपल्याला गोंधळात पाडतेय, आपण चुकतोय का ते बघतेय, असं त्यांना वाटत असावं. मग ते पाठ ताठ करून पाचही शब्द आधीपेक्षा मोठ्याने म्हणायचे. एकदा तिने फारच धरलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “अगं, मी पास झालोय ना,” ते म्हणाले, “मग मला चुकवतेस कशाला?” आईने पेन खाली ठेवलं. त्यानंतर तिने त्यांना शिकवलं नाही.

चाचणीला आम्ही दोघीही गेलो. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. बाबांनी हात मांडीवर ठेवले, घसा साफ केला आणि एकेक उत्तर देत गेले, वर्गात हुशार मुलं देतात तसं, प्रश्न पुरता संपायच्या आधी. तारीख तेवढी चुकली, कारण आईने आता फळ्यावर रोजची तारीख लिहायचं सोडलं होतं. प्रत्येक उत्तरानंतर ते आईकडे बघत होते.

मी मधेच बोलले. हे सगळं त्यांना पाठ करून घेतलंय, यातलं त्यांचं स्वतःचं काही नाही, पाहिजे तर सकाळी काय खाल्लं ते विचारा. डॉक्टरांनी विचारलं. बाबा हसून पोहे म्हणाले. आमच्याकडे बहुतेक सकाळी पोहेच असतात आणि नेमके त्या दिवशीही होते.

“डॉक्टर,” आई म्हणाली, “हे मार्क त्यांचे नाहीत. माझे आहेत.”

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी पेन बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाठ केलं असेल, मान्य. पण ज्याला पाठ होतं आणि आठवडेच्या आठवडे राहतं, त्याची स्मरणशक्ती गेलीय असं मी कुठल्या तोंडाने लिहू? बाहेर बाकावर बघा. तिथे एक जण स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. जागा एकच आहे.” पुढे ते असंही म्हणाले की घरीच चालवा, रोज, दम लागेपर्यंत. बाबा उठायला तयार नव्हते. अजून एखादा प्रश्न आहे का, म्हणून ते थांबले होते. मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

बाहेर येताना व्यायामाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत रामनाथकाका सायकलवर होते, बनियन घामाने पाठीला चिकटलेली. त्यांचं तोंड आता बरंच सरळ झालं होतं, सुटणारी जागा बहुधा त्यांचीच असावी. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. “क्षितिजा, बाबाला घेऊन आलीस व्हय?” ते म्हणाले. “बरा हाय ना तो?” माझं नाव त्यांना इतक्या महिन्यांनीही आठवत होतं. मिनल त्यांच्या मागे उभी होती, तिने आमचे चेहरे पाहिले आणि नजर वळवली.

बाबा दारात थांबले. त्यांनी रामनाथकाकांकडे पाहिलं, पलीकडच्या सायकलवरच्या एका बाईंकडे पाहिलं, भिंतीला धरून पाऊल टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पाहिलं. ओळख पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दिसली ती दया. आईचा हात धरून ते हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, “बिचारे. यांना घरी शिकवणारं कोणी नाही वाटतं.”